अभ्रकाच्या जागी मी

मी सिरॅमिकचा कंडेन्सर बोलतोय. मसुराच्या दाण्याहून जरा मोठी तपकिरी चकती, खाली तारेचे दोन पाय. बॅटरीच्या विजेतली खरखर काढायची, हे माझं काम, आणि ते मी चोख करतो. पण रेडिओचं स्टेशन धरून ठेवायला मला बसवू नका. ऊन लागलं की वीज साठवायचं माझं माप घटतं आणि स्टेशन सरकतं. आमच्यात उन्हाला न बधणारेही असतात. मी त्यांतला नव्हे.

खालापूरजवळच्या एका गावात धर्माजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, घराबाहेर पडले की परतीची वाट विसरतात. त्यांची नात ऋतिका वायरलेसचं शिकलेली, परवाना असलेली. तिनं आजोबांच्या गळ्यात घालायला एक छोटी डबी बनवली. डबीतून टिकटिक निघायची, ती हातातल्या रिसीव्हरवर ऐकू यायची, जवळ जावं तशी मोठ्यानं. डबीत स्टेशन धरून ठेवायला कॉइलसोबत तिनं अभ्रकाचा कंडेन्सर जोडला होता, उन्हातही माप न सोडणारा.

तिचा काका कमलेश शिळफाट्याला रेडिओ दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाच्या सेटसाठी त्याला अभ्रकाचा हवा होता. त्यानं गुपचूप डबीतला काढला, माझे पाय पकडीनं पिरगाळले आणि मला तिथं झाळलं.

दुकानात बसलेला त्याचा मित्र चांगो म्हणाला, "आरं, ह्यो चालंल का?"

"कंडेन्सर तो कंडेन्सर. आन् म्हाताऱ्याला काय कळतंय!"

त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी धर्माजी पाताळगंगेच्या काठानं चालत सुटले. डबी तापली, मी तापलो. टिकटिक ठरल्या जागेवरून वर सरकली. कमलेश रिसीव्हर घेऊन बांधाबांधानं पळत होता, आणि त्याला फक्त खरखर ऐकू येत होती. पळ, म्हटलं. आणखी पळ.

मग धर्माजी एका खडकावर बसले. त्यांचे ओठ सुकले होते. "कमू… कमू रं…" ते लेकाला हाका मारत होते. मला थांबावंसं वाटलं. पण तापल्यावर माझं माप माझं ऐकत नाही.

तिकडं ऋतिकानं काकाच्या हातातून रिसीव्हर घेतला. "काका, आतला कंडेन्सर बदललास का?"

चार माणसं बघत होती. कमलेशनं मान खाली घातली. "सिरॅमिकचा टाकला गं."

तिनं डायल हळूहळू वर नेली. टिकटिक सापडली, आणि घटकाभरात आजोबाही.

कमलेशनं धावत जाऊन त्यांच्या तोंडाला पाणी लावलं. धर्माजींनी पाणी पिऊन त्याला हात जोडले. "सायेब, माजा कमू कुटं दिसला काय वो?"

आता डबीत पुन्हा अभ्रकाचा आहे. मला ऋतिकानं काकाच्या दुकानातल्या भिंतीवर पट्टीनं चिकटवलंय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? कमलेशला सगळं सांगावं लागतं: काय काढलं, काय बसवलं, किती पळालो. जोडलेल्या हातांचं मात्र तो कधीच सांगत नाही.

तुम्ही आलात तर मुद्दाम विचारा.