हाटपेठेवरचा कपिल्या

मारोतरावांच्या घरात एकतीस बैल होते आणि त्यातल्या एकालाही चारा लागत नव्हता. तरी इंदूबाईंना ते डोईजड झाले होते. दहा पडवीत, पंधरा माजघरात आणि उरलेले सहा थेट गव्हाच्या कोठीवर. दळणासाठी गहू काढायचे म्हटले की आधी सहा लाकडी बैल खाली उतरवा, झाकण लावलं की पुन्हा सहाच्या सहा वर चढवा. एवढं खऱ्या बैलांचंही कधी करावं लागलं नव्हतं.

"यंदाचा तान्हा पोया होऊन जाऊ द्या," त्यांनी नवऱ्याला बजावलं, "त्याच्यानंतर ह्यातला एक जरी बैल मले घरात दिसला, तं चुलीत घालीन. साग चांगला पेटते. अन् तुमचा लाकूड तासायचा वाकस देईन भंगारवाल्याले. मंग नाई म्हनजान की सांगतलं नव्हतं!"

इंदूबाई बोलल्या की करतात, हे बोरी अरब गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मारोतरावांना जरा जास्तच.

मारोतराव तसे कापूस-सोयाबीनवाले शेतकरी. पण हाताला लाकडाचा नाद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरंटोरं चाकावरचा लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करतात. त्या दिवसासाठी मारोतराव वर्षभर बैल घडवायचे. पूर्वी पोळ्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या ओसरीवर एक बैल शिल्लक राहत नसे. मग बाजारात प्लास्टरचे बैल आले. गुलाबी ओठांचे, पापण्या रंगवलेले, सगळे एका साच्यातून निघालेले. दोन वर्षांत मारोतरावांचे बैल घरात साचत गेले.

त्यांची आणखी एक खोड होती. मनचा बैल ते कधी घडवतच नसत. प्रत्येक बैल हा पंचक्रोशीतल्या कुणाच्या तरी खऱ्या बैलावरून घडवलेला. कुणाचं वशिंड एका बाजूला कललेलं, कुणाचा कान फाटलेला, कुणाच्या कपाळावर चांद. "बैल पाह्यल्याबरोबर कोनाचा हाय थे सांगता आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. आताशा गावात खरे बैलच बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि अर्धेअधिक बैल फक्त मारोतरावांच्या पडवीत शिल्लक होते.

सून समीक्षा हुशार. तिने 'हाटपेठ' नावाच्या ॲपवर सासऱ्यांचं दुकान उघडून दिलं. फोटोसाठी एक बैल मागितला तर इंदूबाईंनी कोठीवरचा एक काढून दिला. त्याचं डावं शिंग खाली वळून डोळ्याकडे आलेलं.

"अवं, एकतीसात तुले हाच सापडला काय?" मारोतराव करवादले. "लोकं म्हनतीन, शिंग मोडलं!"

"हाताले लागला तो देला," इंदूबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

तो कपिल्या होता. घरच्याच बैलावरून घडवलेला. खरा कपिल्या इंदूबाईंच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचा नाही. चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घ्यायचा ठरला तेव्हा मारोतरावांनी कपिल्याची जोडी बाजारात विकून टाकली. इंदूबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. नवव्या दिवशी बोलल्या त्या मिठाबद्दल. कपिल्याचा विषय त्या घरात त्यानंतर निघाला नाही. मारोतरावांनी तो लाकडात घडवला तेव्हाही नाही.

तर दुकान उघडलं आणि वीस दिवस गेले. ऑर्डर एकही नाही. बैल चार जणांनी पाहिला असं ॲप सांगत होतं, त्यातले तिघे घरचेच होते. मग एके दिवशी कंपनीचा निरोप आला : तुमचा माल लोकांना दिसावा असं वाटत असेल, तर जाहिरातीचे वेगळे पैसे भरा.

मारोतरावांचं डोकं फिरलं. बाजार म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाजाराचा ठेकेदार बसायचे पैसे घेऊन चिठ्ठी फाडतो, तर बाजार भरवायची जबाबदारीही त्याचीच. त्यांच्या लहानपणी ठेकेदार ढोलवाल्याला गावोगाव फिरवायचा, अमुक वारी बाजार, यावं हो! ढोल कधी वांगी विकणाऱ्या बाईने वाजवलेला त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांनी समीक्षाकडून कंपनीचा नंबर लावून घेतला. आधी बराच वेळ सनई वाजली. मग एका बाईचा यांत्रिक आवाज म्हणाला, की हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जात आहे.

"करा म्हना," मारोतराव म्हणाले. "शिकाच थोडंसं."

मग खरी मुलगी बोलली. "नमस्कार सर, मी दिपाली. काय मदत करू?"

"दिपालीबाई, मले एक सांगा. विकल्यावर टक्का तुमी घेता, बरोबर? मंग बाजारात गिऱ्हाईक आनन्याचं काम कोनाचं?"

"सर, जाहिरात हा ऐच्छिक पर्याय आहे. विक्रेत्याने..."

"काहून? जाहिरात तं तुमी करून राह्यले! चपलेची केली, मिक्सरची केली. परवा तं राखीची लागलती. अन् पोया पंधरा दिवसांवर आला, त्याची काहून नाई?"

दिपाली घुटमळली. "सर, आमच्या सणांच्या कॅलेंडरमध्ये पोळा नाहीये."

मारोतरावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, जसा काही फोनच खोटं बोलला असावा. पोळा नाही? त्यांना खरोखर वाईट वाटलं. रागही आला. आणि राग आला की विदर्भातला माणूस जे पोळ्याच्या तोरणाखाली करतो ते त्यांनी भर दुपारी पडवीत उभं राहून केलं. झडती म्हटली. बैलांच्या रांगेसमोर एकमेकांना टोमणे मारत ललकारायची ती झडती. आवाज असा लावला की शेजारच्या धुरपताबाई भिंतीवरून डोकावल्या.

"चिठ्ठी फाडे कंपनी, दुकान मांडतो आमी,
ढोल वाजवा म्हटलं तं म्हने, थो बी वाजवा तुमी!
चपलेले जाहिरात, चड्डीले जाहिरात, मिक्सरची नवलाई,
माह्या सागाच्या बैलासाठी कंपनीपाशी शाई नाई!
हर बोला, हर हर महादेव!"

"महादेव!" धुरपताबाईंनी भिंतीवरून साथ दिली.

फोनमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मग घसा खाकरला. "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे," दिपाली म्हणाली.

"झालं?" इंदूबाईंनी आतून विचारलं. "कंपनीले शिव्या देल्ल्या? आता थे घेतीन तुमचे बैल?"

मारोतरावांनी कोपऱ्यातल्या वाकसाकडे पाहिलं.

पण तिसऱ्या दिवशी दिपालीचाच फोन आला. झालं असं की तिने ते रेकॉर्डिंग गंमत म्हणून शेजारणीला ऐकवलं, शेजारणीने साहेबाला, आणि साहेबाने त्याच्या वरच्या साहेबाला. वरच्या साहेबाला मराठी येत नव्हतं, पण आवाज आवडला. कंपनीला त्या झडतीची जाहिरात करायची होती. "कंपनीच्या ओळी तेवढ्या बदलाल का सर?"

"एक अक्षर नाई बदलनार," मारोतराव म्हणाले. "अन् चित्र माह्याच बैलाचं पायजे. प्लास्टरचा घुसवला तं याद राखा."

दुसऱ्याच दिवशी जाहिरात लागली. खाली वळलेल्या शिंगाचा कपिल्या फोनच्या पडद्यावर उभा आणि मागून मारोतरावांचा आवाज. बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या फोनवर लागली, तलाठ्याच्या फोनवर लागली. मारोतराव रस्त्याने निघाले की पोरं मागून "शाई नाई!" म्हणून ओरडू लागली. बैल आता चार नाही, चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. ऑर्डर मात्र एकही नव्हती. एका पुणेकराने तेवढं विचारलं होतं : 'फोटोतल्या बैलाचं शिंग मोडकं दिसतंय. काही सूट मिळेल का?'

समीक्षाने भीतभीतच वाचून दाखवलं. मारोतराव लालबुंद झाले.

"लिही! म्हना, शिंग मोडकं नाई, थे त्याचंच हाय. अठीचा एकएक बैल खरा हाय. तुमच्या घरी बैल होता काय कधी? असन तं त्याची खून सांगा, थो बी अठी सापडन!"

समीक्षाने जसंच्या तसं लिहिलं. आणि त्या एका उत्तराने काय ते केलं.

संध्याकाळपर्यंत खाली अकरा जणांनी खुणा लिहून ऑर्डर दिल्या, दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. आमच्या पाखऱ्याच्या कपाळावर चांद होता. आमच्या राजाचा डावा कान कुत्र्याने फाडला होता. नागपूरहून, नाशिकहून, कुठून कुठून. बैल विकून शहरात गेलेली ही माणसं, आणि त्यांची पोरं, ज्यांनी बैल पाहिलाच नव्हता. मारोतराव चष्मा लावून पडवीत बसले. समीक्षा खूण वाचायची, ते बैल काढून द्यायचे. एखादी खूण जुळली नाही तर पटाशी घेऊन तिथल्या तिथे कान फाडायचे, कपाळावर चांद कोरायचे.

वणीच्या कोळशाच्या ट्रकवर काम करणाऱ्या राजकुमार नावाच्या एकाने लिहिलं होतं, 'आमचा बैल मान नेहमी उजवीकडे वळवून उभा राहायचा. बाबा म्हणायचे, तो तांड्याची वाट पाहते.'

"हा तं प्रेमसिंगचा!" मारोतराव उठून उभे राहिले. "आपल्या तांड्यातल्या प्रेमसिंगचा बादल!" कोपऱ्यातला एक बैल त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. त्याची मान उजवीकडे होती. राजकुमारचा बाप प्रेमसिंग वारून दोन वर्षं झाली होती. मारोतरावांचे डोळे भरले आणि त्यांनी ते समीक्षासमोर उघड पुसले.

पोळ्याला सहा दिवस उरले तेव्हा पडवी रिकामी झाली, माजघर रिकामं झालं. कोठीचं झाकण एका हाताने उघडू लागलं. वाकस जागच्या जागी राहणार हे ठरलं. मारोतरावांना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोला चहा करून दिला. तो इंदूबाईंनी निमूट प्यायला.

शेवटची ऑर्डर त्या पुणेकराची आली. सूट मागणाऱ्याची. 'मला फोटोतलाच पाहिजे. वाकड्या शिंगाचा. माझी मुलगी दुसरा घ्यायला तयार नाही. सूट नको.'

समीक्षाने खोकं तयार केलं. आणि कपिल्या सापडेना. पडवी झाली, माजघर झालं, माळा झाला. मारोतराव धुरपताबाईंकडेही विचारून आले. इंदूबाई ओसरीत तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी पाह्यला का व आत्याबाई?" समीक्षाने विचारलं.

"मले काय माईत तुमचे बैल."

शेवटी समीक्षा दळणाचे गहू काढायला गेली आणि तिने झाकण उघडलं. गव्हातून एक शिंग वर आलं होतं. खाली वळलेलं.

मारोतरावांनी दोन्ही हात गव्हात घालून कपिल्याला बाहेर काढलं. इंदूबाई उठून आल्या. त्यांनी तो नवऱ्याच्या हातातून घेतला, कानात अडकलेला गव्हाचा दाणा नखाने काढला आणि पदराने पाठ पुसली.

"तुमी तं चुलीत घालनार होत्या," मारोतराव हळूच म्हणाले. एकदम अहोजाहोवर आले होते.

"बाकीचे घातले असते," इंदूबाई म्हणाल्या. "याले तुमी एकदा विकलं. मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा नाई विकू देनार."

त्यावर मारोतरावांनी वाद घातला नाही. चार वर्षांपूर्वी घातला होता, त्याची त्यांना आता लाज वाटली. त्यांनी फोन लावला. सनई वाजली, कॉल रेकॉर्ड होत असल्याचं यांत्रिक बाईने सांगितलं, आणि दिपाली आली.

"काका, तुम्ही! पोळा आता आमच्या कॅलेंडरमध्ये घातलाय, कळलं का? कायमचा!"

"लय चांगलं केलं, बाई. थ्या पुन्यातल्या पोरीले सांगा, तिच्यासाठी याच्याच जोडीचा, उजवं शिंग खाली वळलेला बैल घडवतो, फुकट. पन ही ऑर्डर रद्द करा."

"करते. पण कारण निवडावं लागतं काका. माल संपला, माल खराब निघाला, की पत्ता चुकला?"

मारोतरावांनी ओसरीकडे पाहिलं. इंदूबाईंनी कपिल्याला मांडीवर घेतलं होतं आणि भाकरीचा एक तुकडा त्याच्या तोंडाशी धरला होता.

"लिवा," ते म्हणाले, "बैल घरी परत आला."