बी मायनर

“परत खरखरलं गं,” हॉलिस पायरीवरून म्हणाला.

“मला कान आहेत,” म्हणत नादीनने पहिलं बोट पुन्हा गिटारच्या दांड्यावर आडवं दाबलं. बी मायनर. ही कॉर्ड, म्हणजे एकदम उमटणारे सूर, धरायला सगळ्या तारा एकाच बोटाखाली यायला हव्यात. कोंबड्यांच्या कारखान्यात एका हातात सुरी आणि दुसऱ्यात गारठलेली कोंबडी, असं तिचं आयुष्य गेलं होतं. डाव्या हाताची बोटं आता आखडली होती.

“सोपी कॉर्ड घे की. कोणाला कळतंय?” तिचा नवरा हॉलिस म्हणाला.

“मला कळतंय.”

शनिवारी तिची धाकटी बहीण, गायिका कोरिन, नॅशव्हिल शहराहून येणार होती. गावच्या रस्त्याला कोरिनचं नाव देणार होते. फोनवर ती म्हणाली होती, “ते गाणं तुझ्याशिवाय कसं व्हायचं? तू माझ्या शेजारी उभी राहून वाजवायचंस.”

ते गाणं म्हणजे आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरचं. आख्ख्या टेनेसी राज्याला ते पाठ होतं. शब्द कोरिनचे. पूर्वी एकदा आईच्या स्वयंपाकघरात बसून ती ते जी, सी आणि डी या तीन कॉर्डवर म्हणत होती. अशी गाणी तेव्हा डोंगरातल्या घराघरांत होती. ‘दोरी आता रिकामी’ या ओळीवर नादीनने जी आणि सीच्या मधे बी मायनर घातली.

“ई, हे काय? चालत्या गाडीची हवा गेल्यासारखं वाटतंय,” कोरिन हसली होती. आई मात्र मळत्या पिठात हात तसेच ठेवून उभी राहिली होती.

पुढे लोक रडायचे ते त्याच जागी. तबकडीवर नाव एकट्या कोरिनचं आलं. आई अंथरुणाला खिळली होती आणि दोघींपैकी एकीने थांबायला हवं होतं. कोणी थांबायचं, हे कोणी विचारलंच नाही.

शनिवारी शाळेच्या मैदानावर गाव लोटलं. कोरिन पांढऱ्या बुटांत आली, तिने नादीनला मिठी मारली. “बाई गं, तुझ्या केसांना अजून बिस्किटांचा वास येतो!”

“सकाळी केली होती. तुझ्यासाठी डबा आणलाय.”

“नंतर हं,” म्हणत ती फोटोवाल्यांकडे वळली.

एका माणसाने नादीनच्या गिटारला वायर जोडून दिली. गाणं सुरू झालं. जी, डी, परत जी. समोर पहिल्या रांगेत हॉलिस इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. ती ओळ आली. नादीनने जीव खाऊन बोट दाबलं आणि ते घसरलं. तिने डोळे मिटले.

पण कर्ण्यांतून बी मायनर स्वच्छ, भरदार आली.

नादीनने मागे पाहिलं. ड्रमच्या आडोशाला एक पोरगेला वादक मान खाली घालून गिटार वाजवत होता. तिच्या गिटारची वायर मंचाच्या कडेपर्यंत गेली होती. तिथे तिची गुंडाळी पडली होती आणि दुसरं टोक मोकळं होतं. नादीनने हात तारांवरून उचलून पाहिला. गाणं चालूच राहिलं.

मधल्या संगीतात कोरिनने तिच्या गळ्यात हात टाकला.

“माझी वायर कुठेच लावलेली नाही, कोरिन.”

“हसत राहा,” कोरिन ओठ न हलवता म्हणाली. “टीव्हीवाले आहेत. तुझ्या हाताचं मला माहीत नाही का? हसं झालं असतं तुझं.”

“मग बोलावलंस कशाला?”

कोरिन तोवर माईककडे वळली होती. “गिटार कशी धरायची, ते मला हिने शिकवलं!” ती ओरडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गिटार खाली ठेवावी आणि पायऱ्या उतरून चालू लागावं, असं नादीनला वाटलं. तिने एक पाऊल मागे घेतलंही. तेवढ्यात तिला हॉलिस दिसला. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसत तो मंचाकडे बोट दाखवत होता. ती पुढे आली आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिने प्रत्येक कॉर्ड नीट जागेवर धरली.

घरी निघताना हॉलिसने गाडीचं दार उघडून धरलं. त्याचे डोळे लाल होते.

“अगदी पूर्वीसारखी वाजवलीस गं. एकदाही खरखरली नाही.”

“हं,” नादीन म्हणाली. तिने आखडलेली बोटं स्कर्टच्या घडीत घातली. “चल, ऊन वाढतंय.”