कुलपाची भूमिका

नाटकात मावशीला कुलपाची भूमिका मिळाली होती. संवाद एकही नाही. दोन्ही हात पसरून दारासमोर उभं राहायचं आणि आतून कुणी कितीही ओरडलं तरी हलायचं नाही. शिलाई कारखान्यात उभा जन्म काढलेल्या बाईला हे जड नव्हतं. ओरडणं ऐकून ढिम्म राहणाऱ्या माणसांचा तिचा अभ्यास दांडगा होता.

कारखान्याचं मागचं दार गल्लीत उघडायचं. म्हणजे उघडायचं नाही. बाहेरून कुलूप असे. कापड चोरीला जातं म्हणून. गेल्या आगीत मावशीची धाकटी बहीण त्याच दाराशी सापडली. चौकशी झाली, दोष विजेच्या तारेचा निघाला. तारेनं काही हरकत घेतली नाही. कुलूप पुसून पुन्हा लागलं आणि बहिणीच्या मशीनवर तिची मुलगी बसली. पोट कुणाला चुकलंय?

म्हणून बायकांनी नाटक बसवलं. सुट्टी झाली की फाटकाबाहेर प्रयोग. भाची दार बडवायची, मावशी कुलूप व्हायची. रस्ता तुंबायला लागला तसे मालक स्वतः खाली आले. बायकांना वाटलं, आता पोलीस. पण मालक निघाले कलाप्रेमी.

"रस्त्यात कसलं करता? वार्षिक समारंभात करा, आपल्या सभागृहात! पाहुण्यांनाही कळू दे, आपल्याकडे टीकेचं स्वागत असतं."

सुपरवायझरनं मान डोलावली. मान त्यानं त्याच कामासाठी ठेवली होती.

"साहेब, एक अडचण आहे," मावशी म्हणाली. "कुलूप म्हणून मी शोभत नाही. खरं मिळालं असतं तर..."

"मग त्या दाराचंच घ्या की! त्या दिवशी काम बंदच आहे. किल्लीसकट द्या रे यांना. अस्सल वाटलं पाहिजे!"

प्रयोग रंगला. पाहुण्यांनी डोळे पुसले. मालकांनी माइक हातात घेऊन मावशीला ढाल दिली. "काय ते कुलूप! हुबेहूब!"

"साहेब, मग ते दार आता उघडं राहणार ना?"

सभागृह हसलं. मालकही हसले. "मावशी, नाटक संपलं! समिती नेमू आपण. बसा, चहा घ्या."

बहिणीची ओळख मावशीनं बांगडीवरून पटवली होती. तेव्हाही शेजारच्या खोलीत चौकशी समिती चहाच पीत होती.

तिनं ढाल खुर्चीवर ठेवली, कुलूप उचललं आणि बायकांकडे पाहिलं. सगळ्या तिच्यामागून बाहेर पडल्या. सभागृहाचं दार ओढलं, कुलूप लागलं.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, दुसरा अंक.

मग टाळ्या थांबल्या आणि दार बडवणं सुरू झालं. मालकांच्या हातातला माइक चालूच होता. बाहेरच्या कर्ण्यांतून साऱ्या रस्त्यानं ऐकलं. "उघडा! आत माणसं आहेत!"

"माणसं तिथंही होती!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की तिचा आवाज फाटला.

"मावशी, उघड गं," भाची रडवेली झाली. "म्हातारी माणसं आहेत आत."

"उघडणारच आहे. किल्ली घेऊन दाराशी उभी आहे मी. तुझ्या आईच्या वेळी तिथं कुणी उभं होतं का?"

"दार उघडं ठेवीन!" कर्णा किंचाळला. "कायमचं! शब्द देतो!"

मावशीनं त्याच क्षणी किल्ली फिरवली. पाहुण्यांना कोपरानं सारत सगळ्यात आधी सुपरवायझर बाहेर आला. मागून घामानं निथळणारे मालक. बाहेर येताच त्यांनी हात पुढे केला.

"माझं कुलूप दे."

"घ्या की. शब्द आमच्याकडे राहिला."

सकाळी मावशीला कामावरून काढल्याचं कळलं. शब्दाचं काय झालं ते बघायला ती मागच्या गल्लीत गेली. सुपरवायझर नवंकोरं कुलूप घेऊन आला होता. जुनं बहुधा मालकांना बघवेना. पण दारासमोर भाची उभी होती, दोन्ही हात पसरून. तिच्या दोन्ही बाजूंना, गल्ली संपेपर्यंत, बाकीच्या बायका.

सुपरवायझर ओरडला. पुन्हा ओरडला.

मावशीनं पदर खोचला आणि रांगेच्या टोकाला जाऊन हात पसरले. कुणी हललं नाही. भूमिका सगळ्यांनाच पाठ होती.