दक्षिणेची खिडकी

तुमिनाहचं ते पत्र पार्तोनोंनी नकाशांच्या जाड पुस्तकात ठेवलं होतं. नऊ वर्षं झाली, त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

पत्र चारच ओळींचं. "दादा, तू सांगितलंस तशी दक्षिणेच्या खिडकीशी बसले. पण जकार्तापर्यंत नुसता समुद्र. आपला लावू डोंगर काही दिसला नाही, माझंच चुकलं असेल. वरून कसा दिसतो ते तू तरी लिही."

नवरा गेल्यावर धाकटी बहीण तुमिनाह सुराबाया सोडून जकार्तामार्गे विमानाने कायमची मुलाकडे सुमात्राला निघाली होती. पुन्हा येणं होणार नाही, हे तिलाही कळत होतं. ज्या डोंगराच्या पायथ्याशी दोघं भावंडं वाढली, तो एकदा वरून डोळे भरून पाहायचा, एवढंच तिचं मागणं. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या भावाने नकाशावर पट्टी ठेवली आणि ऐटीत सांगितलं, "दक्षिणेला बस. मी पाहिलाय ना."

पाहिला नव्हता. ते कधी विमानात बसलेच नव्हते.

पत्र आल्यावर त्यांनी कितीदा तरी पट्टी ठेवून पाहिली. डोंगर दक्षिणेलाच होता. मग चुकलं कुठे? उत्तर द्यायचं तर न पाहिलेल्या डोंगराचं वर्णन करा, नाहीतर खोटं बोललो म्हणून कबूल करा. पहिलं वर्ष लाजेत गेलं, पुढची सबबींत. ईदला भाच्याचा फोन यायचा, तेव्हा ते तब्येतीचं विचारून मोकळे व्हायचे. गेल्या ईदला भाचा म्हणाला, आईला आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

यंदा एका जुन्या विद्यार्थ्याने आपली पुस्तकं नीट लावून द्यायला त्यांना जकार्ताला बोलावलं, विमानाचं तिकीटही पाठवलं. सुराबायाच्या विमानतळावरच्या मुलीने खिडकी हवी का, असं विचारलं.

"हो. दक्षिणेची," ते बोलून गेले. त्यांच्या गावाकडे पानातली वाटीसुद्धा उत्तरेला सरकवतात. डावं-उजवं तोंडात येतच नाही.

मुलगी हसली. "माझी आजीपण अशीच आहे. आजोबा, डावी का उजवी ते सांगा. विमान इथं पूर्वेला तोंड करून उभंय, म्हणजे आत्ता दक्षिण उजवीकडे. वर जाऊन पश्चिमेला वळलं, की त्याच खिडकीतून उत्तर दिसणार. मग नुसता समुद्र बघत बसाल."

पार्तोनो टेबलाची कड धरून उभे राहिले. तुमिनाहनेही उभ्या विमानाकडे पाहून, ऊन कुठून येतंय ते बघून, दक्षिण शोधली असणार. दादाने सांगितलं म्हणून तिथेच बसली असणार, मुलासाठी नेलेला तेंपेचा, सोयाबीनच्या वड्यांचा, डबा मांडीवर धरून. नुसतं 'डावीकडे बस' म्हणायचं होतं. एकदा जरी विमानात बसले असते, तरी तेवढं कळलं असतं.

"डावी द्या, बाई," ते हळूच म्हणाले.

विमान सुटल्यावर अर्ध्या तासाने लावू दिसला. पायथा ढगात होता आणि निळसर माथा तेवढा वर. गावाचा पत्ताच नव्हता. चार-पाच मिनिटांत डोंगर मागे गेला. एवढंच पाहायचं राहिलं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकांना हात लावण्याआधी ते पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. वर्णनं पुस्तकी होत होती. चौथ्यावर त्यांनी लिहिलं:

"तुमी, तुझं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हा विमानात बसलोच नव्हतो, तुला खोटं सांगितलं. दक्षिण म्हणालो, डावी म्हणायला हवं होतं. काल डोंगर पाहिला. पावसाळ्यात आपल्या अंगणातून दिसायचा तसाच दिसतो, खाली ढग आणि वर माथा. फक्त आपण त्याच्या बरोबरीला असतो. आपलं गाव दिसलं नाही. तुझे डोळे होते तेव्हा हे लिहायला हवं होतं."

खाली भाच्यासाठी एक ओळ लिहिली, की आईला हे सावकाश वाचून दाखव, काही गाळू नकोस. मग पाकीट चिकटवलं, चालत टपाल कचेरीत गेले आणि नारिंगी पेटीत टाकलं.