तिसऱ्या गिअरवरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे, आणि मला उगाच गोड बोलता येत नाही. तरुणपणी मी चढावर भल्याभल्यांना मागे टाकलं आहे. गल्लीतले लोक मला हत्तीण म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडा धाकही होता. मी दोन्ही ठेवून घेतलं.

माझ्या मालकाने मला नवी आणली तेव्हा त्याचे केस काळे होते. तो मला रोज पुसायचा. पण त्याला दोन खोडी होत्या. गार इंजिन सुरू होताच तो पाय दाबून मला गुरगुरायला लावायचा, शेजाऱ्यांना कळावं म्हणून. आणि रस्ताभर डावा हात गिअरच्या दांड्यावर टेकवून बसायचा, जसा कुणी नातवाच्या डोक्यावर ठेवतो. बघणाऱ्याला वाटे, काय माया आहे. मायेचं वजन मात्र आत माझ्या गिअरबॉक्सवर पडत होतं. वीस वर्षं.

मग घरात सून आली. दूरच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत आठ महिने शिकाऊ राहिल्यावर तिला मोठी जागा मिळणार होती. पण तिथे सातच्या आत पोचावं लागे, आणि तेवढ्या लवकर बस नव्हती. म्हणून ते आठ महिने ती रोज मला घेऊन तिथे जायची. सकाळी चावी अर्धी फिरवायची, इंजिन आतून तापेस्तोवर जळणारा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायची, मगच मला उठवायची. गिअर टाकला की हात परत चाकावर. असं माणूस मला आयुष्यात एकदाच भेटलं.

एके दिवशी तिच्या हाताखाली माझा तिसरा गिअर निसटला. मागून निळा धूर तर आधीपासूनच येत होता.

मालक अंगणात उभा होता. "झालं समाधान? वीस वर्षांत हूं की चूं केलं नाही गाडीने, आणि हिने आठ महिन्यांत वाट लावली."

मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बुटाची नाडी बांधत होता. ती बांधायला त्याला फार वेळ लागला.

सून म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मला तिथे कायम हजर व्हायचंय. तोवर होईल ना गाडी?"

"आधी मिस्त्री काय म्हणतो ते बघू."

मिस्त्रीने माझं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही खाली उतरवलं. तेल काढलं तर त्यात धातूची चमचमती पूड. एक वाकडा तुकडा त्याने मालकाच्या तळहातावर ठेवला.

"हा फोर्क. तिसरा गिअर पुढे ढकलतो. बघा, कागदासारखा झालाय. दांड्यावर हात टेकवून कोण चालवतं?"

"हल्ली सून चालवते," मालक तुकडा उलटवत म्हणाला.

"सूनबाई किती दिवस चालवतात?"

"आठ महिने."

"मग त्यांचं नाव घेऊ नका. आठ महिन्यांत एवढं झिजवायला हात नाही, कानस लागेल." मिस्त्री हसला. "आणि इंजिनच्या रिंगा गेल्यात, त्या गार इंजिनला रेस देऊन. तेही जुनंच दुखणं."

"घरी हे बोलायची गरज नाही," मालक म्हणाला.

"मी गाडी दुरुस्त करतो, साहेब. घर तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी मी घरी आले. नवा फोर्क, नव्या रिंगा, धूर नाही, आवाज नाही. इतकी ठणठणीत मी कित्येक वर्षांत नव्हते. सून पदराला हात पुसत धावत बाहेर आली आणि तिने चावीसाठी हात पुढे केला.

मालकाने चावी खिशात टाकली. "मिस्त्री म्हणाला, ज्याला गिअर टाकता येत नाहीत त्याच्या हातात गाडी देऊ नका."

"असं म्हणाला?"

"म्हणाला."

माझ्याजवळ हॉर्न होता, मित्रांनो, पण तो दाबायलाही कुणीतरी लागतं. सून "बरं" म्हणाली आणि आत गेली. सोमवारी ती गेली नाही. ती जागा दुसरीला मिळाली.

पुढे मालकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकदा डोळे तपासायला जायचं होतं तेव्हा त्याने चावी तिच्यापुढे धरली. "चल, गाडी काढ."

"मला गिअर टाकता येत नाहीत ना, बाबा," ती म्हणाली. तिने भाड्याची गाडी बोलावली, त्याचा हात धरून त्याला आत बसवलं आणि पाय दुमडायला मदत केली. कर्तव्यात तिने तसूभर कमी केलं नाही. चावीला मात्र बोट लावलं नाही.

तेव्हापासून मी उभी आहे; मुलगा गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. टायर एका बाजूने बसले, रबरी नळ्यांना चिरा गेल्या. ठणठणीत असून सडणं काय असतं, ते कुणी मला विचारावं.

म्हातारा आता रोज सकाळी चाचपडत येतो, माझ्यात बसतो आणि दांड्यावर हात ठेवतो. परवा हळूच पुटपुटला, "तो फोर्क मीच झिजवला गं."

मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. सून दहा पावलांवर कपडे वाळत घालत होती.

मित्रांनो, गाडी चालवाल तेव्हा दिवा विझेपर्यंत थांबा, आणि गिअर पडला की हात उचला. आणि चूक कबूल करायची असेल तर जिच्यावर ढकलली तिच्यासमोर करा. आम्ही लोखंडाची माणसं. आम्हाला ऐकू येतं, पण आम्ही निरोप पोचवत नाही.