मावशीच्या फोनचा पिवळा टॉर्च

चिमटीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, आणि शाळा सुटली तेव्हा ते तिथंच राहिलं. हातात सदानकदा बारीक चिमटा, म्हणून ती चिमटी. वय सोळा, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर अशी की समोरच्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय हे ती दारातून ओळखायची आणि मोठ्यानं सांगायची. शाळा का सुटली हे कुणी विचारलं तर म्हणायची, "बाईंनी माझ्यावर खोटा आळ घेतला. मी दप्तर उचललं. त्यांना वाटलं, परत येईल."

ती मावशीकडे राहायची आणि खिडकीतल्या टेबलावर बसून लोकांच्या फोनचे दिवे बदलून द्यायची. बिघडलेला फोन आणला की हात लावायची नाही. "दुरुस्तीवाला चौकात बसतो. मी फक्त नटवते." बटणांच्या फोनच्या पोटात मोहरीएवढे सहा दिवे असतात. ते सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं एकेक सोडवायचे आणि त्या जागी जांभळे, हिरवे, गुलाबी बसवायचे. उलटा बसवला तर पेटत नाही, जास्त तापला तर मरतो, आणि मध्येच शिंक आली तर उडून जातो. मग फरशीवर पालथं पडून अर्धा तास शोधा. एवढं करून फोन होता तसाच. आवाज तोच, बॅटरी तीच, पलीकडून बोलणारी सासूही तीच. पण बटणं जांभळी दिसली की गिऱ्हाईक असं हसायचं, जणू सासू बदलून मिळाली.

मावशीचा फोन तिनं फुकटात नटवला होता. बटणं जांभळी, आणि डोक्यावरच्या टॉर्चचा पांढरा दिवा काढून तिथं मेणबत्तीसारखा पिवळा. मावशी खूष झाली. "ह्या उजेडात माझं तोंड बरं दिसतं गं," म्हणाली.

मावशी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमध्ये रंग जुळवायची. गाडी कुठं ठोकली, दार नवीन बसवलं, की त्या दाराला उरलेल्या गाडीचा रंग द्यायचा असतो. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. त्यात थेंबभर काळा असतो, थेंबभर निळा असतो, शिवाय तीन उन्हाळ्यांनी खाल्लेला असतो. मावशी डब्यात थेंब टाकायची, ढवळायची, पत्र्याच्या पट्टीवर नमुना मारायची आणि गाडीला लावून बघायची. मागच्या खोलीतली एकुलती ट्यूब दिवसभर डोळे मारायची. म्हणून मावशी पट्टीवर फोनचा टॉर्च धरून शेवटचा कौल द्यायची. सहा वर्षं ती मालकाकडे एक चांगला दिवा मागत होती. मालक म्हणायचा, "मावशी, तुमची नजरच आमचा दिवा." तेवढ्यावर ती मुकाट्यानं परत जायची. कौतुकाला वीजबिल येत नाही.

त्या दिवशी दुपारी लंबू पेंटर खिडकीशी येऊन वाकला. हा गॅरेजमध्ये फवारा मारायचा, आणि वाईट बातमी पोचवायला पेट्रोल नसलं तरी धावायचा.

"चल. मालकानं बोलावलंय. तुझ्या लाइटनं मावशीची नोकरी खाल्ली."

"माझ्या लाइटनं?"

"पांढऱ्या गाडीला सायीसारखं दार दिलंय मावशीनं. गिऱ्हाईक आत उभंय. मालक म्हणतो, नजर गेली असेल तर रंग जुळवायचं मशीन आणतो. मावशी म्हणते, नजर नाही, फोनचा पिवळा टॉर्च नडला. आता तूच बघ काय ते."

चिमटीच्या हातातला चिमटा टेबलावर आपटला. कारण त्या फोनात पिवळा टॉर्च नव्हताच.

पंधरा दिवसांपूर्वी न्हाव्याला तातडीनं मेणबत्तीसारखा टॉर्च हवा होता. पिवळा दिवा तिच्याकडे एकच, आणि तो मावशीच्या फोनात. मावशी आंघोळीला गेलेली. चिमटीनं पिवळा काढला, जुना पांढरा परत बसवला, आणि मावशी बाहेर यायच्या आत फोन जागच्या जागी ठेवला. मावशी रागावेल म्हणून दोन दिवस जीव मुठीत धरून होती. मावशी काहीच बोलली नाही. चिमटीला वाटलं, सुटले.

आणि आता हा आळ! ती गल्ली तुडवत निघाली. लंबूचे पाय तिच्या दुप्पट, तरी तोच मागं पडला. "टॉर्च दुधासारखा पांढरा आहे," ती मनात घोकत होती. "सगळ्यांसमोर पेटवते. मग मालक, लंबू, ट्यूब, एकेकाची हजेरी घेते."

गॅरेजमध्ये गाडी उजेडात काढून ठेवली होती. दार खरंच सायीचं होतं. शेजारी दातांची डॉक्टर हाताची घडी घालून उभी. गाडी तिचीच.

"मी दिवसभर लोकांच्या दातांचा रंग जुळवते," ती मालकाला सांगत होती. "पांढऱ्याच्या सोळा छटा मला पाठ आहेत. हे दार म्हणजे चाळीस वर्षं विडी ओढलेला दात आहे."

मालक मान डोलावत होता. त्याच्या हातात मशीनचं चकचकीत पत्रक होतं. मावशी पट्टी घेऊन उभी होती आणि कधी पट्टीकडे, कधी दाराकडे बघत होती. अशा चेहऱ्यानं तिला चिमटीनं कधी बघितलं नव्हतं. रस्त्यात चप्पल तुटलेल्या माणसासारखा चेहरा.

"आली बघा कारागीर," मालक म्हणाला. "काय गं, कामाच्या माणसाच्या फोनला रंगीत दिवे लावतात होय?"

"द्या इकडे तो फोन," चिमटी म्हणाली. "आत्ता दाखवते."

मावशीनं फोन तिच्या हातात दिला आणि मालकाकडे वळली. "मालक, माझंच चुकलं. पंधरा-वीस दिवस सगळं पिवळट दिसतंय मला. टॉर्च पिवळा, त्यामुळे पट्टी पिवळी, दार पिवळं. म्हटलं, होईल सवय. ह्या पोरीला आधीच सांगायला हवं होतं, की बाई, काढ तुझा दिवा."

चिमटीचा अंगठा बटणावर होता. तो तिथंच राहिला.

पंधरा दिवस टॉर्च पांढरा होता. आणि मावशीला पंधरा दिवस तो पिवळाच दिसत होता.

म्हणजे त्या दिवशी ती सुटली वगैरे नव्हती. मावशीला कळलंच नव्हतं. रंगातला एक थेंब कमी-जास्त ओळखणाऱ्या बाईला पांढरा दिवा आणि पिवळा दिवा यांतला फरक कळला नव्हता. बटण दाबलं की चिमटी साफ सुटणार होती. आणि मालक हातातल्या पत्रकातलं मशीन तिथल्या तिथं मागवणार होता.

"लाव की," मालक म्हणाला.

"बॅटरी उतरलीय," चिमटी म्हणाली. "चार्जरला लावून आणते."

"आत्ता तर..." मावशी म्हणाली.

"उतरलीय म्हणते ना!"

ती मागच्या खोलीत घुसली. ट्यूबनं डोळा मारला. फळीवर डबे, बाटल्या, थिनर. इंडिकेटरच्या काचा रंगवायची पिवळी लॅकर कुठल्या बाटलीत असते हे तिला माहीत होतं. जुनी काडी बुडवली, टॉर्चच्या इवल्याशा भिंगावर टेकवली. एक थेंब. फुंकर. पेटवून बघितला: लिंबासारखा. हा कुणाला पटेल? आणखी एक थेंब. आता मेणबत्ती. थेंब ओघळला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मोहरीएवढे सहा दिवे अचूक बसवणारी ती, आणि इथं स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करताना काडी धरवेना. गिऱ्हाइकाचं काम असतं तर तिनं असलं ओघळलेलं काम त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

बाहेर येऊन तिनं टॉर्च दारावर धरला. दाराच्या सावलीतल्या भागावर पिवळा डाग पडला.

"हे घ्या," ती म्हणाली. "चूक माझी."

हे दोन शब्द तिच्या तोंडून बाहेर येताना खडे चावल्यासारखे वाजले. लंबू चाट पडला. तो भांडण बघायला आला होता.

मालकानं मग पंधरा मिनिटं तोंडसुख घेतलं. आजकालची पोरं, शाळा सोडून हे उद्योग, असल्या दिव्यांनी माणसांचे डोळे फिरतात, उद्या सगळ्या गल्लीला सांगतो, हिला फोन देऊ नका. चिमटी चपलेकडे बघत उभी होती. दातांची डॉक्टर मात्र वाकून टॉर्चकडे बघत होती. "रंग छान साधलाय," ती म्हणाली. "कुठून आणलास?"

"राहू द्या ना आता," चिमटी म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: दार पुन्हा करायचं, पट्टी ह्या वेळी डॉक्टरबाईंनीच उन्हात धरून पसंत करायची, मागच्या खोलीत फोन न्यायला बंदी, आणि तिथं उद्याच एक मोठा पांढरा दिवा बसवायचा. मशीन नको, दिवा स्वस्त. सहा वर्षं मागून जे मिळालं नव्हतं ते एका बनावट थेंबानं मिळालं.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. मावशी तावातावानं बोलत होती. "एवढी वर्षं अब्रूनं काढली मी त्या गॅरेजात. आणि तू? तुला कुणी सांगितलं होतं गं नटवायला? माझ्या तोंडाला काय झालं होतं?"

बोलता बोलता मावशीनं फोन पर्समध्ये टाकायला घेतला, तर बोटाला काहीतरी चिकटलं. तिनं बोट नाकाशी नेलं. मग फोन नाकाशी नेला. मग रस्त्यातच थांबली.

"ही इंडिकेटरची लॅकर आहे."

"असेल."

"ओली आहे."

"मावशी, चल ना. लोक बघतायत."

"कधी लावलीस?"

चिमटीनं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण दिवसाचा खोटेपणाचा कोटा संपला होता. तिनं सगळं सांगितलं. न्हावी, आंघोळ, पांढरा दिवा.

मावशी शेजारच्या कट्ट्यावर बसली. बराच वेळ नखानं लॅकर खरवडत राहिली.

"मला वाटलं, तुझ्या दिव्यामुळंच," ती हळू म्हणाली. "वर्षभर वाटतंय गं काहीतरी. साबण बदलला, म्हणून चादरी पिवळ्या. ट्यूब जुनी, म्हणून भिंत पिवळी. तू दिवा बसवलास तेव्हा किती बरं वाटलं मला. म्हटलं, चला, कारण सापडलं."

"आता डॉक्टरकडे चल."

"मालकाला कळलं तर?"

"कंबर दुखते म्हणून सांग. कंबरेनं कुणी रंग बघत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन मिनिटांत सांगितलं. "मोतीबिंदू. बाई, तुम्ही वर्षभर चहाच्या पेल्यातून बघताय." आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. मधल्या दिवसांत नव्या दिव्याखाली पट्ट्या लंबूला दाखवून, "तुला काय वाटतं रे?" असं सहज विचारत मावशीनं वेळ मारून नेली. लंबूला पहिल्यांदाच कुणी मत विचारत होतं. तो इतका फुगला की पट्ट्या खरोखर नीट बघायला लागला.

चिमटीचं दुकान आठवडाभर बसलं. मालकानं शब्द पाळला होता, सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. आठव्या दिवशी तीन पोरं खिडकीशी आली. "ताई, ज्या पिवळ्या लाइटनं अख्खं गॅरेज फसलं, तो आम्हाला पण लाव." त्यानंतर रांग. जे काम तिनं आयुष्यात सगळ्यात वाईट केलं होतं, त्याचीच मागणी. ती प्रत्येकावर खेकसायची आणि प्रत्येकाला लावून द्यायची.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी दोघी दवाखान्यातून चालत निघाल्या. मावशी आधी नुसती हसत होती. "आभाळ बघ गं. शर्ट बघ त्या माणसाचा. अगं, तुझ्या कानामागं मळ आहे."

मग तिचं हसू थांबलं. कडेला एक लाल गाडी उभी होती. पुढचं दार वेगळ्याच लालाचं.

"हे माझं," मावशी म्हणाली.

थोडं पुढं एक निळी. "हेही माझं. अगं बाई, हे निळं आहे की जांभळं?" मग एक हिरवी. भाजीच्या टेम्पोचं फाळकं. वर्षभरातली सगळी कामं रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीनं उभी होती, आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. लोक त्यांत बसत होते, उतरत होते, दारं आपटत होते.

"कुणाला दिसलं नाही ना मावशी, मग झालं तर," चिमटी तिचा हात ओढत म्हणाली. "फक्त त्या दातवाल्या बाईला दिसलं, आणि ती दुखण्याच्या धंद्यातली."

पण मावशी निळ्या गाडीशी परत गेली होती. त्या गाडीचा मालक फडक्यानं तेच दार पुसत होता.

"अहो, हे दार चुकलंय," मावशी म्हणाली.

"काही चुकलेलं नाही, काका," चिमटी घाईनं म्हणाली. "झकास आहे. चल मावशी."

"झकास नाही. चार पावलं मागं या आणि बघा."

तो माणूस चार पावलं मागं गेला. बघितलं. डोकं तिरकं केलं. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. सात महिने तो ही गाडी रोज पुसत होता, आणि आजवर दिसली तितकी सुंदर ती पुन्हा कधी दिसणार नव्हती.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हे... हे तर जांभळं आहे."

"मावशी, नोकरी जाईल," चिमटी दातांतल्या दातांत म्हणाली.

"मी रंगवलंय ते," मावशी त्या माणसाला म्हणाली. "उद्या सकाळी गॅरेजला आणा, नीट करून देते. मालकानं विचारलं तर सांगा, मावशीनंच बोलावलंय. तेव्हा तिला दिसत नव्हतं, आता दिसतंय."

चिमटीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात मावशी रस्ता ओलांडून पलीकडच्या करड्या गाडीकडे निघालीसुद्धा होती.