कोणीतरी गेलं असेल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. कीव माणसांची करावी. इटलीतल्या रोमान्या प्रांतात, एका डोंगराळ खोऱ्यात, गावच्या सभागृहाच्या अडगळीत मी पडून आहे. अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत. इथून मला माणसांची कीव फार निवांतपणे करता येते.

मला घडवलं एग्लेबाईंनी. त्या शहरात विद्यापीठात शिकवायच्या. खोऱ्यातल्या नऊ गावांत एकेक संगणक होता आणि मधोमध मी, सगळ्यांचा सामायिक फळा. कुणाला औषध हवं असलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की त्या गावचा संगणक माझ्यावर चिठ्ठी लावायचा. ज्याची गाडी मोकळी असेल तो ती चिठ्ठी काढून घ्यायचा आणि निघायचा. चिठ्ठी गेली म्हणजे मदत निघाली, असा हिशेब. कुणीही यावं, कुणीही जोडून घ्यावं.

एग्लेबाईंना हे पटत नव्हतं. "ओरेस्ते, चिठ्ठी कोण काढतंय ते यंत्राला ओळखता आलं पाहिजे. प्रत्येकाला वेगळी खूण द्या."

ओरेस्ते म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष. वय सत्तर, आवाज मोठा, पत्त्यांत लबाड. ते म्हणाले, "पोरी, आमच्याकडे घराची किल्ली दाराला बाहेरून लावलेली असते. शेजाऱ्यानं यावं, कॉफी प्यावी, जावं. आणि मदतीला आलेल्या माणसाला मी विचारू, बाबा रे तू कोण?"

सभागृहातल्या बारमध्ये बसलेले सगळे खदाखदा हसले. मग नऊ गावांना मिळून एकच परवलीचा शब्द ठरला आणि तो बारच्या आरशावर चिकटवला गेला. असली ही शहाणी माणसं! आपल्या भोळेपणाचाही यांना गर्व.

तरी सहा वर्षं मी चोख काम केलं. नगराध्यक्षांनी पोट आत ओढून माझ्याशेजारी फोटो काढून घेतला. त्याच कौतुकाच्या भरात ओरेस्तेंनी बक्षीस जाहीर केलं. वर्षभरात जास्तीत जास्त चिठ्ठ्या घेणाऱ्या गावाला जत्रेत डुकराची अख्खी खारवलेली तंगडी मिळणार होती. झालं! नदीपलीकडच्या गावात इवानो नावाचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा होता, तो इरेला पेटला. चिठ्ठी लागली रे लागली की उचलायची, असं त्याने आपल्या संगणकाला शिकवलं. एकट्याचंच नाव दिसलं तर लोक बोलतील म्हणून दहा खोटी नावं घेतली. वर आणखी अक्कल अशी, की उचलल्यापासून दोन तासांनी 'काम झालं' असंही यंत्रानेच आपोआप कळवायचं. इवानो कामं करायचा, नाही असं नाही, पण आपल्या सवडीने.

ही दहाही नावं एकाच यंत्रातून बोलतात हे मला दिसत होतं. पण हटकायचा अधिकार मला कुणी दिलाच नव्हता. मी मुकाट्याने चिठ्ठ्या देत राहिलो. म्हणजे मीही त्यांच्यातलाच.

फेब्रुवारीतला रविवार होता, बर्फ पडत होता. ओरेस्तेंची थोरली बहीण आर्जिया वरच्या वस्तीवर एकटी राहायची. तिचा श्वास प्राणवायूच्या नळकांड्यावर चालायचा. सकाळी अकराला चिठ्ठी आली, की तिचं नळकांडं दुपारी दीडपर्यंतच पुरेल. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती फाब्रित्सिओ या नावाने उचलली गेली. असा माणूस इवानोच्या गावात नव्हताच. आणि इवानो मामाकडे जेवायला गेला होता.

साडेबाराला सभागृहात फोन वाजला.

"अरे ओरेस्ते, कुणी आलं नाही अजून."

"निघालंय ना, ताई. फळ्यावरची चिठ्ठी गेलीये."

"कोण निघालंय?"

"कोणीतरी गेलं असेल. बर्फात वेळ लागतो. तू बोलू नकोस, दम लागेल."

एक वाजून गेल्यावर पुन्हा फोन. "तूच ये ना रे."

ओरेस्तेंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर 'काम झालं' उमटलं होतं. ते म्हणाले, "अगं, पोचलाय तो. फळा सांगतोय. दाराबाहेर बघ, उभा असेल."

ती बघायला उठली. तीन वाजता इवानो नळकांडं खांद्यावर घेऊन बर्फातून चढत गेला, तेव्हा ती उंबरठ्यावर पडलेली होती. ती गेली होती.

संध्याकाळी इवानो सभागृहात आला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. त्याला कुणी मारलं नाही. ओरेस्ते नुसते म्हणत राहिले, "ती विचारत होती कोण निघालंय. मी विचारलंच नाही रे. एकदाही विचारलं नाही." मग त्यांनी माझी तार उपटली.

मित्रांनो, यंत्रं जोडा, हवी तेवढी जोडा. पण येणाऱ्याला नाव विचारा, आणि ते नाव खरं आहे का हेही तपासा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, आपलं माणूस 'कुणी आलं नाही' म्हणत असेल, तर उठा आणि जा. त्या दुपारी माझ्याच खोलीत, ओरेस्तेंच्या खुर्चीमागे, अडीअडचणीसाठी ठेवलेली प्राणवायूची दोन भरलेली नळकांडी भिंतीला टेकून उभी होती.